तारेवरची कसरत

त्या दिवशी मेसमध्ये वरण-भात, भेंडीची भाजी आणि नेहमीप्रमाणे पाण्याशी स्पर्धा करणारं ताक होतं. यांपैकी एकाही पदार्थात धातूची तार तोडण्याची ताकद नाही, हे आमच्या मेसला उठता-बसता नावं ठेवणारेसुद्धा मान्य करतील. तरी तिसऱ्या घासाला उजव्या गालात काहीतरी कचकन टोचलं. बोट घालून पाहिलं, तर दातांवरची तार तुटून तिचं टोक गालात घुसलेलं. दोन महिन्यांत ही दुसरी वेळ!

दातांना तारा बसल्या त्याच दिवशी हॉस्टेलमध्ये माझं बारसं होऊन 'टॉवर' हे नाव पडलं होतं. त्यामुळे 'टॉवर कोसळला' ही बातमी पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचली. सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री घरी फोन लावताना हसू येत नव्हतं. बाबा एसटीत कंडक्टर. तारांचे पैसे त्यांनी पतपेढीतून उचललेत. ते रागावले नाहीत, "आता किती लागतील रे?" एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी गावी गेलो. डॉक्टर मॅडमनी तुटका तुकडा चिमट्यात धरून माझी उलटतपासणी घेतली.

"ऊस खाल्लास? फुटाणे? पेनाचं टोपण चावतोस का?"

"नाही मॅडम."

"मग काय तार आपोआप तुटली?"

मित्रहो, मी मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धातू का तुटतो हे शिकण्यासाठीच आपण फी भरतो. आणि स्वतःच्या तोंडातला धातू का तुटला, याचं उत्तर मला देता येऊ नये? खरं म्हणजे मॅडमपासून मी एक गोष्ट लपवली होती. ती पुढे येईलच. त्याआधी या तारेची ओळख करून घेऊ.

तार म्हणजे नुसती तार नव्हे

दात सरकवायचा म्हणजे त्याला हलका पण सतत जोर द्यायचा. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. तेवढ्या काळात तारेचा जोर एकदम कमी होता कामा नये. पूर्वी हे काम बहुतांशी स्टेनलेस स्टीलच्या तारेकडे होतं. स्टील ताठ असतं. थोडं वाकवलं तर खूप जोर लावतं, दात जरा सरकला की जोर संपतो, आणि जास्त वाकवलं तर कायमचं वाकतं.

१९६० च्या सुमारास अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू अभ्यासला. त्याचं नाव नायटिनॉल. निकेल, टायटॅनियम आणि त्या लॅबची आद्याक्षरं मिळून ते तयार झालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आयोवा विद्यापीठातले जॉर्ज अँड्रीसन यांनी तो दातांच्या तारांसाठी वापरात आणला. आजच्या सुपरइलॅस्टिक नायटाय तारेचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख पाहिलात, तर मध्ये एक लांबलचक सपाट पठार दिसतं. म्हणजे तार कमी वाकलेली असो की जास्त, जोर जवळपास तेवढाच. सुमारे ८ टक्के ताण देऊन सोडली तरी ती मूळ आकारात येते. स्टील एक टक्क्याच्या आसपासच हात टेकतं. वाकड्यातिकड्या दातांवर सुरुवातीला नायटाय बसवतात ते यासाठीच. माझी तुटलेली तार तीच, ०.०१६ इंच, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची.

या कुटुंबात आणखी एक भावंड आहे, बीटा टायटॅनियम. त्यात टायटॅनियमबरोबर मॉलिब्डेनम, झिर्कोनियम आणि कथील असतं. १९८० च्या सुमारास ते दातांच्या दवाखान्यात आलं. ताठपणात ते स्टील आणि नायटाय यांच्या मधलं.

अंगावरचं चिलखत

आता तोंडाकडे या. ३७ अंश तापमान, चोवीस तास ओलावा, मीठ, जंतू, कधी चहा तर कधी आइस्क्रीम. गंजाच्या प्रयोगासाठी याहून चांगला टँक कोणी बांधून देणार नाही. तरी या तारा टिकतात त्या अंगावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा आणि नायटायवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो. जाडी फक्त काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो स्वतःला पुन्हा शिवून घेतो. 'पॅसिव्ह फिल्म' हा शब्द व्हायवात आपण सगळ्यांनी एकदा तरी फेकलेला आहे.

टायटॅनियमचं चिलखत तर भलतंच दणकट. मिठाच्या पाण्यात ते स्टीलपेक्षा सरस ठरतं, समुद्राच्या पाण्याच्या कंडेन्सरमध्ये टायटॅनियमच्या नळ्या घालतात. मग माझी तार तुटली कशी?

उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर टांगलेलं होतं. मेटॅलोग्राफीच्या लॅबमध्ये भिंतीवर एचंटचा तक्ता आहे. पॉलिश केलेल्या धातूची रचना मायक्रोस्कोपखाली दिसावी म्हणून त्याचा पृष्ठभाग किंचित खावा लागतो, त्याला लागणाऱ्या रसायनांची ती यादी. कार्बन स्टीलसमोर नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड. टायटॅनियमसमोर क्रोल्स रीएजंट, म्हणजे पाणी, नायट्रिक ॲसिड आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड. ते कुलपात असतं आणि काका आम्हाला हात लावू देत नाहीत, ते योग्यच आहे. पण त्या दिवशी तक्ता वाचताना डोक्यात घंटा वाजली. टायटॅनियमचं चिलखत फोडायला लोक जे वापरतात, ते फ्लोराइड आणि ॲसिड मिळूनच बनतं! आणि या दोन्ही गोष्टी रोज रात्री मी तोंडात घालत होतो.

आता कबुलीजबाब

तारा बसल्यावर ब्रॅकेटच्या कडेने घास अडकतो. तिथे जंतूंचा थर साचतो, ते साखर खाऊन ॲसिड सोडतात आणि दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात. ही कीड लागण्याची पहिली पायरी. मला असे दोन डाग दिसले. मॅडमना विचारायचं सोडून मी डेंटल कॉलेजला असलेल्या शाळेतल्या मित्राकडे गेलो आणि मागे लागून त्याच्याकडून फ्लोराइड जेलची अर्धी बाटली उपटली. बाटलीवर लिहिलं होतं 'ॲसिड्युलेटेड फॉस्फेट फ्लोराइड, १.२३ टक्के'. मित्र बिचारा बजावत होता, "अरे, हे दवाखान्यात वर्षातून एक-दोनदा लावायचं औषध आहे, गिळू नकोस." पण फुकटचं ते पौष्टिक, अशी आमची हॉस्टेलची वृत्ती. मी ते रोज रात्री लावू लागलो. तेही अभ्यासाला साथ म्हणून घेतलेलं कोल्ड्रिंक संपल्यावर, चूळ न भरता. लावलं की थेट झोप.

कृपा करून कोणीही हे करू नये. एवढं तीव्र फ्लोराइड पोटात जाणं धोक्याचं आहे. माझ्या पोटात मळमळायचं आणि मी मेसला शिव्या द्यायचो.

थोडा हिशोब

फ्लोराइड एकटं असेल तर टायटॅनियमच्या वाटेला फारसं जात नाही. पण भोवती ॲसिड आलं, की फ्लोराइडचे काही आयन हायड्रोजनशी जोडी जमवून हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनतात, आणि ते ऑक्साइडचा थर विरघळवतं. किती जोड्या जमतील, ते पीएचवर ठरतं. इक्विलिब्रियमचं बारावीतलं सूत्र घ्या आणि पीकेएची किंमत ३.१७ घाला.

टूथपेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असतं. ते सगळं मोकळ्या आयनच्या रूपात आहे असं धरलं, तर पीएच ७ ला हायड्रोफ्लोरिकच्या रूपात असतं फक्त ०.१५ पीपीएम. पीएच ५ ला तेच साधारण १५ होतं आणि पीएच ४ ला साधारण १३०. पीएच एकाने उतरला, की मारेकरी जवळपास दहापट! १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात हायड्रोफ्लोरिकचं प्रमाण ३० पीपीएमच्या वर गेल्यावर टायटॅनियमचा पॅसिव्ह थर मोडतो असं आढळलं. आता माझ्या जेलकडे पाहा. १.२३ टक्के म्हणजे १२,३०० पीपीएम, आणि पीएच साधारण ३.५. ढोबळ हिशोबाने ३९०० पीपीएम हायड्रोफ्लोरिक. मर्यादेच्या शंभरपटीहूनही जास्त, आणि ते रात्रभर. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे ते पातळ करून धुऊन टाकणारंही कोणी नाही.

याच जेलने पोर्सेलिनची चकाकीसुद्धा जाते. म्हणून पोर्सेलिनची कॅप असलेल्यांना डॉक्टर न्यूट्रल जेल लावतात.

खरा चोर हायड्रोजन

चिलखत गेलं की खालचा टायटॅनियम ॲसिडशी भिडतो आणि हायड्रोजन सुटतो. त्यातला काही बुडबुडे होऊन निघून जातो, पण काही अणुरूपात धातूच्या आत शिरतो. टायटॅनियमला हायड्रोजन फार प्रिय. आत जाऊन तो धातूला ठिसूळ करतो. हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट म्हणतात ते हेच. गंमत पाहा, कारखान्यात टायटॅनियमचं पिकलिंग करताना हायड्रोफ्लोरिकबरोबर नायट्रिक मुद्दाम कितीतरी जास्त ठेवतात, कारण त्याने हायड्रोजनचं शोषण कमी होतं. आपल्या तोंडात ती सोय नाही.

२००३ ते २००५ च्या दरम्यान जपानी संशोधकांनी हे तारांवर तपासलं. असल्याच ॲसिडयुक्त फ्लोराइडच्या २ टक्के द्रावणात तासभराच्या आत नायटाय आणि बीटा टायटॅनियमच्या तारांनी हायड्रोजन शोषला आणि त्यांची ताकद उतरली. स्टील आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या तारांना त्या मानाने फारच थोडा फरक पडला. एरवी सरस ठरणारं टायटॅनियम इथे हरतं आणि जुनं स्टील टिकतं. मात्र स्टीलने फुशारून जाऊ नये. खारं, आंबट पाणी आणि फटीतला अडकलेला मळ यांनी त्यालाही खड्डे पडतात.

तार तुटली नाही तरी नुकसान होतंच. पृष्ठभाग खडबडीत झाला की ब्रॅकेटच्या खाचेत घर्षण वाढतं आणि तार सरकायला कुरकुरते. फ्लोराइड जेलमध्ये ठेवलेल्या नायटाय तारेचा परतीचा जोर घटल्याचंही २००५ च्या एका अभ्यासात दिसलं. परतीचा जोर म्हणजेच दात सरकवणारा जोर. शिवाय नायटायमध्ये वजनाने सुमारे ५५ टक्के निकेल असतं. थर गेला की ते लाळेत उतरायचा रस्ता मोकळा. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटणाऱ्यांनी तारा बसवण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगावं.

प्लॅस्टिकचे चार कप

मॅडमनी दिलेले नव्या तारेचे उरलेले तुकडे मी चार प्लॅस्टिकच्या कपांत टाकले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात कोल्ड्रिंक, तिसऱ्यात पाण्यात कालवलेली टूथपेस्ट, चौथ्यात ते जेल. काचेचा ग्लास मुद्दाम टाळला, कारण हायड्रोफ्लोरिक काचही खातं. चोवीस तासांनी पहिले तिन्ही तुकडे डोळ्यांना सारखेच दिसत होते. कोल्ड्रिंकचा पीएच अडीचच्या आसपास असतो, तरी एकट्या ॲसिडने तार बधली नाही. चौथ्या तुकड्याची चकाकी जाऊन तो राखेसारखा झाला होता. मायक्रोस्कोपखाली खड्डेच खड्डे. वाकवून पाहिलं तर तिघे रबरासारखे परत आले, चौथा तिसऱ्यांदा वाकवताना तुटला.

मी उड्या मारत सरांकडे गेलो. सर म्हणाले, "एका तुकड्यावरून निष्कर्ष काढतोस? आणि ऑप्टिकल मायक्रोस्कोपमध्ये हायड्रोजन दिसला का तुला?" दोन्ही मुद्दे बरोबर. तार चावण्याच्या रोजच्या फटीगनेही तुटते. त्यामुळे माझी तार जेलमुळेच तुटली, असं मी शपथेवर सांगणार नाही. पण जेल थांबवल्यापासून आजवर तार तुटलेली नाही, एवढं खरं.

आणि मग मी दुसरी चूक केली

नव्याने बाटलेला माणूस जास्त कडवा असतो. फ्लोराइड हाच शत्रू, असं ठरवून मी टूथपेस्टही बंद केली आणि फ्लोराइड नसलेलं मंजन सुरू केलं. माझा रूम पार्टनर यवतमाळ जिल्ह्यातला. त्याच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, लहानपणापासून त्याच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. त्यानेही मान डोलावली. "बरं केलंस, आमच्याकडे त्यानेच वाट लावली." पुढे त्यानेच विचारलं, "मग आमच्या पाण्याने तार तुटेल का रे?" हिशोब केला. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. पाणी त्याच्या कितीतरी पट वाईट असलं तरी पीएच ७ च्या आसपास तारेला काही होणार नाही. दात आणि हाडं मात्र लहानपणापासून ते पाणी पिऊन बिघडतात. म्हणजे एकच फ्लोराइड, पण प्रमाण, वेळ आणि सोबत कोण आहे यावर सगळं ठरतं. हे मी त्याला समजावून सांगितलं आणि स्वतः मात्र मंजनच घासत राहिलो!

दोन महिन्यांनी मॅडमनी आरसा हातात दिला. दोनाचे सहा डाग झाले होते. तेव्हा मात्र मी जेलपासून मंजनापर्यंत सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता हाकलून देतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, तार तुटली तर मी दुसरी घालीन. दात कुठून आणू?"

सगळ्या लेखाचं सार या वाक्यात आहे. दाताचं इनॅमल पीएच ५.५ च्या खाली विरघळू लागतं. फ्लोराइड त्यात मिसळलं की ती मर्यादा ४.५ च्या आसपास जाते. गोड खाल्ल्यावर दातावरच्या थराचा पीएच काही मिनिटांत ५.५ च्या खाली येतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास घेतो. त्या काळात दाताची ढाल फ्लोराइडच. ढाल टाकून तार वाचवणं म्हणजे कुलूप गंजेल म्हणून दारच उघडं ठेवणं. दाताचा आणि तारेचा सामाईक शत्रू ॲसिड आहे. त्याला आवरलं, की फ्लोराइड आणि टायटॅनियम एका तोंडात सुखाने नांदतात.

म्हणून तारवाल्या बंधू-भगिनींसाठी चार गोष्टी, मॅडमना दाखवून लिहिलेल्या :

१. फ्लोराइडची टूथपेस्ट सोडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच पांढऱ्या पेस्टमध्ये खडूसारखं कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते ॲसिडला उलट मारतंच.

२. कोल्ड्रिंक, लिंबू सरबत, चिंचेची चटणी झाली की आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. ब्रश अर्ध्या तासाने.

३. रात्रभर घोट घोट कोल्ड्रिंक पिणं सर्वांत वाईट. प्यायचंच तर एकदा पिऊन संपवा.

४. जेल, वार्निश, माउथवॉश डॉक्टरांना विचारूनच, आणि कुठली तार आहे ते त्यांना आठवण करून द्या. ॲसिडऐवजी न्यूट्रल प्रकार मिळतो.

सहापैकी चार डाग आता फिके झालेत, दोन बहुधा राहतीलच. नव्या तारेचे पैसे मॅडमनी घेतले नाहीत. बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं, तर ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंस, तर दोन महिने वाचले असते की." चार वर्षांच्या मेटलर्जीत हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, ते मी अजून शोधतो आहे.